एक तास चार मिनिटांची वाट

मावळात मैल असतो तो फक्त रस्त्याकडेच्या दगडावर. माणसांच्या बोलण्यात तो नसतो. बेडश्याच्या शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा कामशेत स्टेशनवर उतरून मी एका शेतकऱ्याला विचारलं, "बेडसं किती लांब आहे हो?" तो म्हणाला, "आसंल की तासा-दीडतासावर." "तसं नव्हे, मैल किती?" असं मी पुन्हा विचारलं. त्यानं माझ्या पायांतल्या नव्या वहाणांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाला, "तुमास्नी दोन तास लागतील." मला सव्वादोन लागले.

मी तळेगावचा, त्यातून भूगोलाचा वेडा. ज्या गावाला आपण कुठं आहोत हे अंशांत आणि मैलांत सांगता येत नाही, त्या गावाला सुधारायचं असा पण करूनच मी शाळेत पाऊल टाकलं. लोणावळ्याला कुणा बड्या माणसाच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं, त्यात हिंदुस्थानचा एक भलामोठा भिंतीवरचा नकाशा मला मिळाला. कापडावर चिकटवलेला, एका इंचाला ऐंशी मैल. तो मी कामशेतपासून खांद्यावरून आणला. वाटेत लोकांना वाटलं, मास्तर सतरंजी घेऊन चाललेत. पुढं कितीतरी वर्षं तो नकाशा शाळेच्या भिंतीवर होता आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की माझी छाती अंमळ फुगत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शाळेबरोबर गावचं टपालही माझ्याकडेच होतं. आठवड्यातून तीनदा कामशेतहून थैली यायची. पत्र द्यायचं, वाचून दाखवायचं, उत्तर लिहून घ्यायचं, ही तिन्ही कामं माझीच. त्यामुळे गावातल्या बहुतेक घरांची सुखदुःखं माझ्या तोंडून त्या घरांना कळत.

टपालाच्या दिवशी सर्वांत आधी येऊन ओट्यावर बसायची ती एक मावशी. पन्नाशीच्या पुढची, उंच, आवाज खणखणीत. तिचे दोन मुलगे माझ्याच हाताखाली चौथी झालेले. थोरला लोणावळ्याला एका बंगल्याची मोटार चालवायला शिकला आणि महायुद्धात एक दिवस घरी न सांगता पलटणीत भरती झाला. ऐन भातलावणीत गेला. सगळी लावणी धाकट्याच्या अंगावर पडली. ती त्यानं केली, दोन वर्षं शेत सांभाळलं, आणि मग तोही तसाच न सांगता निघून गेला. थोरल्यानं त्याला लिहिलं, "म्हाताऱ्यांना टाकून गेलास, लाज वाटत नाही?" धाकट्यानं उलट टपाली विचारलं, "आधी कोण गेलं?" त्यानंतर तीन वर्षं दोघांत एक अक्षर नाही. दोघंही आईला नेमानं पत्र लिहीत, गाईगुरांची, शेजाऱ्यांच्या म्हशीचीसुद्धा चौकशी करीत. भावाबद्दल मात्र चकार शब्द नसे. मावशी प्रत्येक पत्र संपल्यावर विचारायची, "आनि?" मी म्हणायचो, "आणि काही नाही, मावशी." ती पदर सारखा करून उठायची.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी गंमत अशी झाली, की पलटणीतून सुटलेला थोरला श्रीनगरच्या विमानतळावर एका कंत्राटदाराचा मालट्रक चालवायला लागला, आणि त्याच सुमाराला धाकटा मजुरांच्या टोळीबरोबर लेहला पोचला. तिथं डोंगरांच्या कुशीत विमानं उतरण्यासाठी जमीन सपाट करायचं काम चाललं होतं. एकाच थैलीतून दोघांची पत्रं आली. मी पत्ते वाचले आणि उठून नकाशापाशी गेलो. अशी संधी मला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती.

"गुर्जी, माजी पोरं येकमेकांपासनं किती लांब हाईत?" मावशीनं विचारलं.

ओट्यावर चार-पाच माणसं होती. मी टेबलाच्या खणातून दोरा काढला, एक टोक श्रीनगरवर धरलं, दुसरं लेहवर. दोरा फूटपट्टीवर ठेवला. दोन इंच. म्हणजे एकशेसाठ मैल. मालाचं विमान ताशी दीडशे मैल जातं असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. फळ्यावर खडूनं भागाकार केला, दोनदा तपासला आणि सर्वांकडे वळून सांगितलं, "विमानानं एक तास आणि चार मिनिटं."

"तासभर?"

"आणि चार मिनिटं," मी म्हणालो. ती चार मिनिटं मला फार महत्त्वाची वाटत होती.

मावशीचा चेहरा असा उजळला, की माझ्या भागाकाराला एवढा मान कधी मिळाला नव्हता. "म्हंजी कामशेतापरीस जवळच म्हना की!" ती म्हणाली. मी हसलो. मला वाटलं, बाई कौतुकानं बोलतेय. ओट्यावरचे लोकही माना हलवत होते. मी हात झटकून खडू ठेवला आणि त्या दिवशी मुलांना अर्धा तास लवकर सोडलं.

भातझोडणी झाली. मावळात आंबेमोहराचा नवा भात घरात आला की पहिल्यांदा त्याचे पोहे कांडायचे. त्या घरची रीत अशी, की घरात भाऊ असतील तर नव्या पोह्यांची पहिली मूठ त्यांनी एका ताटात खायची, आणि मगच घरात नवा तांदूळ शिजवायचा. मुलं देशाच्या दोन टोकांना होती तोवर मावशी देवापुढं दोन मुठी ठेवून रीत भागवत असे. आता तसं करायला ती तयार नव्हती. पोरं एकमेकांच्या तासाभरावर असताना देवाला कशाला मध्ये घालायचं, असं तिचं म्हणणं.

तिनं पोहे कांडले, फडक्यात बांधून घट्ट शिवून आणले आणि मला सांगितलं, "थोरल्याच्या नावानं धाडा. आनि संगट पत्र लिवा." मी टाक उचलला. ती सांगू लागली, "पोहे धाडलेत. येकट्यानं खाऊ नको. गठुडं उसवू बी नको. सकाळची न्ह्यारी करून निघ, ऊन तापायच्या आत भावाकडं पोचशील. वाटंत वढा लागला तर गठुडं डोईवर घे. दोगं येका ताटात खावा. तुमी खाल्ल्याबिगर हितं नवा भात शिजनार न्हाई."

ओढ्याच्या वाक्यापाशी माझा टाक थांबला. आत्ता कुठं माझ्या ध्यानात आलं. ज्या गावात अंतर म्हणजे चालायचा वेळ, त्या गावात मी फळ्यावर विमानाचा तास लिहून दाखवला होता. ती चालायचा तास समजली होती. त्या दोन गावांमध्ये बर्फाचे डोंगर, एक घाट, तोही हिवाळ्यात बंद, आणि उघडा असला तरी पंधरा-पंधरा दिवसांची पायपीट, हे सगळं माझ्या दोन इंच दोऱ्याखाली दडून गेलं होतं.

मी तिथंच सांगायला हवं होतं. पण ओट्यावर तीच माणसं बसलेली, भिंतीवर तोच नकाशा, आणि मावशीच्या चेहऱ्यावर तो आनंद. मी भित्रा निघालो, दुसरा शब्द नाही. तिनं सांगितलं तसं ओढ्यासकट सगळं लिहिलं. ती गेल्यावर त्याच पाकिटात स्वतःची एक चिठ्ठी घातली, "मातोश्रींचा अंतराबाबत गैरसमज झाला आहे. तरी पोहे आपण एकट्याने खावेत व उभयतांनी मिळून खाल्ल्याचे कळवावे. त्यातच सर्वांचे समाधान आहे." भाषा अगदी खात्याच्या परिपत्रकासारखी. पाकीट चिकटवून मी हात धुतले.

मग वाट पाहणं सुरू झालं. मावशी टपालाच्या दिवशी यायची, उत्तर नाही म्हटलं की शांतपणे परत जायची. हाल झाले ते तिच्या नवऱ्याचे. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. आबा मोजकं बोलणारे गृहस्थ, पण नव्या आंबेमोहराचे भक्त. कणगीत नवा भात भरून ठेवलेला, शेजारीपाजारी नव्या तांदळाचा वास सुटलेला, आणि ह्यांच्या ताटात रोज नाचणीची भाकरी. शाळेवरून जाताना ते थांबत, माझ्याकडे पाहत आणि एक लांब उसासा टाकून पुढं जात. माझा अपराध त्यांना ठाऊक नव्हता. तरी मी पुस्तकात डोकं खुपसत असे.

तीन आठवड्यांनी थोरल्याचं पत्र आलं. मावशी समोर, ओट्यावर नेहमीची मंडळी. मी आनंदानं फोडलं आणि मोठ्यानं वाचू लागलो. "आईस साष्टांग नमस्कार. पार्सल पोचलं. शिवण उसवली नाही. गुरुजींनी चिठ्ठी घातली आहे की..."

मी थांबलो.

"काय घातलंय?" मावशीनं विचारलं.

मनात आलं, पुढची ओळ गाळावी. वाचणारा मी एकटाच होतो, कोणाला कळणार होतं? पण डोळे पुढं सरकले होते आणि पुढचं वाक्य मला सोडेना. मी वाचलं, "...की पोहे एकट्यानं खा आणि दोघांनी खाल्ले म्हणून कळव. आई, ह्याच गुरुजींनी खोटं बोललो म्हणून मला दिवसभर अंगठे धरून उभं केलं होतं. ते काही मी विसरलो नाही. तुला खोटं लिहिणार नाही. इथून लेहला चालत जाता येत नाही. मध्ये बर्फ आहे, वाट चैत्र-वैशाखात उघडते. पण आमचा माल विमानानं जातो. विमानावरच्या मिस्तरीला सांगून गठुडं तिकडं धाडलं आहे. बघू काय करतो."

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. दोरा, दोन इंच, विमान, डोंगर, आणि मला कळलं असूनही मी गप्प बसलो, तेही.

मावशीनं ऐकून घेतलं. "तुमी सांगितलं आस्तं तर म्या काय मारनार हुते तुमाला?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी मुलांना भूगोल शिकवायचं माझ्यानं झालं नाही. मी पाढे म्हणायला लावले.

आठ-दहा दिवस ती टपालाला फिरकली नाही. मग एका दुपारी आबा आले. बसले नाहीत. "ती इचारतीया, पोहे कुटवर गेलं?" ते म्हणाले. मी म्हटलं, काही कळलं नाही. "बरं," म्हणाले आणि गेले. दोन दिवसांनी पुन्हा आले. "ती इचारतीया..." असं चार-पाच वेळा झालं. बाई माझ्याशी बोलत नव्हती, पण वाट पाहणं तिनं सोडलं नव्हतं.

धाकट्याचं पत्र आलं तेव्हा मी ते घेऊन तिच्या दारात गेलो. तिनं घोंगडी टाकली. बसायला सांगितलं नाही, पण घोंगडी टाकली. मी वाचलं, "दादाचं गठुडं विमानातून आलं. वर चिठ्ठी होती, 'तू खा.' दोनच शब्द. मोठा तो. मी त्याच्या आधी खाणार का? 'तूच खा' असं लिहून परत धाडलं."

"परत धाडलं?" मावशी म्हणाली.

"परत."

"म्हंजी ह्यानं दोन शबुद लिवलं, आनि त्यानं बी दोन."

तिनं बोटांवर मोजलं आणि मला घोटभर चहा दिला. तीन वर्षांत तिच्या मुलांनी एकमेकांना लिहिलेले हे पहिले चार शब्द होते.

त्यानंतर ते गठुडं जे उडू लागलं ते थांबेचना. थोरल्यानं ते पुन्हा लेहला धाडलं, "आईनं एका ताटात खा म्हटलंय, नाहीतर मी खाल्ले असते." धाकट्यानं परत, "मग ताट घेऊन इकडं ये." आकाश निवळलं की विमान जायचं, ढग आले की आठ-आठ दिवस गठुडं श्रीनगरला नाहीतर लेहला एखाद्या कोपऱ्यात पडून राहायचं. प्रत्येक खेपेला चिठ्ठी जरा लांबायची. थोरला विचारायचा, लेहला थंडी फार आहे का. धाकटा कळवायचा, पाणी गोठतं, आंघोळीला सुट्टी. हे सगळं दोघंही आईला तक्रार म्हणून लिहायचे. "बघ त्याची मिजास," असं थोरला, "बघ त्याचा हट्ट," असं धाकटा. मावशी ऐकून गालातल्या गालात हसायची आणि म्हणायची, "भांडू द्या. भांडत्यात तर खरं."

गावालाही नाद लागला. ज्या लोकांना मी वर्षानुवर्षं दिशा शिकवू शकलो नव्हतो, ते आता येता-जाता शाळेत डोकावून विचारायचे, "गुर्जी, पोहे आज कुटं हाईत?" मी नकाशावर बोट ठेवायचो. भुशीच्या बाजूला सासर असलेली एक मुलगी माहेरपणाला आली, तिनंही आधी नकाशा पाहिला. मी हिशेब केला, गठुडं तोवर सहाशे मैलांच्या वर उडालं होतं. आमच्या गावातल्या कोणीच एवढी हवा खाल्ली नव्हती. आबा तेवढे खूश नव्हते. "पोहे फिरत्यात हवंत, आनि आमी खातोय नाचनी," असं त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सुनावलं. माझ्या आठवणीत त्यांचं ते सर्वांत लांब भाषण.

माघ संपत आला होता. त्या दिवशी थैलीत दोघांची पत्रं एकदमच निघाली. शाळा मधल्या सुट्टीत सोडून मी तडक मावशीच्या घरी गेलो. आबा दारातच होते, तेही आत आले.

थोरल्यानं लिहिलं होतं, "मिस्तरीच्या हातापाया पडून माल उतरवायला म्हणून विमानात बसलो. गठुडं मांडीवर. वर गेल्यावर खाली नुसते पांढरे डोंगर. तासाच्या वर थोडं लागलं. तिथं विमान पंखे चालू ठेवूनच थांबतं, वीस मिनिटं. तो पोत्यांपाशी उभा होता. टोळीतल्या कोणाची तरी पितळी आणली होती. गठुडं उसवलं, उभ्या उभ्या खाल्लं. बोलणं काही झालं नाही. पंख्यांच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. लगेच परत बसलो."

मावशीचे डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत. "बोललंच न्हाईत?" तिनं विचारलं.

"आवाजात ऐकू येत नव्हतं म्हणतोय."

"वाचा म्होरं."

"धाकट्याचे ओठ थंडीनं फुटलेत, रक्त येतं. सांगायचा नाही तो. त्याला कोकमाचं तेल धाड."

मी दुसरं पत्र उघडलं. धाकट्याचं पत्र लहान होतं. पोहे खाल्ले, चांगले होते, एवढं लिहून खाली एक ओळ, "दादा लय वाळलाय. हाडं दिसत्यात. त्याला तूप धाड."

या खेपेला मावशीनं "आनि?" असं विचारलं नाही.

आबा उठले ते थेट कणगीपाशी गेले. थोड्या वेळानं माजघरात सुपाचा आवाज सुरू झाला. स्वतः पाखडायला बसले होते. चूल पेटली, आणि नवा आंबेमोहर शिजायला लागल्यावर त्याचा वास सगळ्या घरात भरला. मला जेवायचा आग्रह कोणी केला नाही, माझं ताट आपसूक मांडलं गेलं. इतका चांगला भात पुन्हा कधी खाल्ल्याचं मला आठवत नाही.

चार दिवसांनी मावशी दोन डबे घेऊन टपालात आली. एकात तूप, एकात कोकमाचं तेल. कापडात शिवलेले. मी टाक शाईत बुडवला. तुपाच्या डब्यावर थोरल्याचा पत्ता घालायला लागलो, तर तिनं माझा हात धरला.

"तूप धाकट्याला धाडा. तेल थोरल्याला."

"मावशी, उलट होईल. तूप थोरल्याला हवंय."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "उलटंच लिवा."

मी तिच्याकडे पाहिलं. मग तुपावर लेहचा पत्ता घातला, तेलावर श्रीनगरचा, आणि शाई वाळेपर्यंत मावशी दोन्ही डब्यांवर पदरानं वारा घालत राहिली.